बेरीच्या बिया म्हणून मोहरी पाठवली, १२,३४८ रुपये गेले

"पक्ष्यांसाठी बेरीची झुडपं, बी लावा, सहा महिन्यांत फळं" अशी जाहिरात फेसबुकवर दिसली तर तिथे अजिबात थांबू नका. माझे १२,३४८ रुपये गेलेत.

जुळे सोलापुरात आमच्या गच्चीवर कुंड्या आहेत. बुलबुल, साळुंक्या येतात, उन्हाळ्यात मी त्यांना पाणी ठेवते. खायलाही काही असावं म्हणून हॉली, पायराकँथा, कोटोनीॲस्टर अशा बेरीच्या झुडपांच्या बियांचा तीन पाकिटांचा संच मागवला. १,८५० रुपये, आगाऊ. वर "बी लवकर रुजायची पावडर" म्हणून ४९९.

जाहिरातीतल्या फोटोत लालभडक फळांवर तुरेवाला पक्षी बसलेला, आणि त्याच फांदीवर बर्फ. बर्फ! मे महिन्यात पारा त्रेचाळीसला टेकतो त्या गावात हे झाड जगणार कसं? तिथेच कळायला हवं होतं, आणि आठवलं की अजून जिवाचा संताप होतो. मी विचारलं नाही असं नाही. "मॅडम, हायब्रीड आहे, ४५ डिग्रीलाही चालतं," असं विकणारा छातीठोक बोलला. आणि तुरा बघून कुणालाही तो आपला बुलबुलच वाटेल. तो थंड मुलखातला वॅक्सविंग, हे पुतण्याने मागाहून सांगितलं.

तिन्ही पाकिटांत एकसारखे काळपट गोल दाणे. आठवड्याच्या आत रोपं वर. एक पान चुरगळून हुंगलं, तर मोहरी! आपली फोडणीची मोहरी! हॉलीचं बी रुजायला दोन-तीन वर्षंसुद्धा लागतात, मधे थंडी मिळावी लागते. शिवाय नर-मादी झाडं वेगळी, फळं फक्त मादीला. सहा महिन्यांत फळं म्हणणारा सरळ खोटं बोलतो.

मी भांडले, तर लगेच "रिफंड देतो" म्हणून क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करून पिन टाकायला लावला आणि खात्यातून ९,९९९ गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. घरातल्या मोठ्यांना आजच सांगा, मला कुणी सांगितलं नव्हतं.

पोलीस ठाण्यात "बियांवर एवढे पैसे कशाला घातले?" इथून सुरुवात. मग म्हणे ऑनलाइन तक्रार करा. बँकेत गेले, तर "पिन तुम्हीच टाकलाय, पोलिसांकडे जा." कृषी कार्यालयात टेबलावर पाकीट ठेवलं, साहेबांनी हातही लावला नाही. "शोभेची झाडं आमच्याकडे येत नाहीत." मग येतात कुणाकडे? चोर मोकळा, आणि मी म्हाताऱ्या पायांनी या दारातून त्या दारात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढे वळवण्याआधी गोठवता येतात, हे बँकेतल्या माणसाने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याचं काय बिघडलं असतं? तुम्ही थांबू नका, आधी १९३०, बाकी सगळं नंतर.

पक्षीच हवे असतील तर नर्सरीतून करवंद किंवा सिंगापूर चेरीचं रोप आणा, डोळ्यांनी बघून. कढीपत्ता लावा, त्याची पिकलेली काळी फळं बुलबुल आवडीने खातात.

तोच फोटो आता दुसऱ्या नावाने फिरतोय. पाकिटं, कुरिअरची चिठ्ठी, व्हॉट्सॲपवरचं बोलणं मी काही पुसलेलं नाही. सोलापुरात आणखी कुणी फसलं असेल तर पुढे या, मिळून तक्रार देऊ.