मंत्रचळावरची मराठी स्वयं-उपचार पुस्तिका: नऊ आठवड्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका समुपदेशन केंद्राने ओसीडीसाठी, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच कृती परत परत करायला लावणाऱ्या आणि आपल्याकडे ज्याला मंत्रचळ म्हणतात त्या आजारासाठी, मराठीत स्वयं-उपचाराची पुस्तिका काढली असून तिच्या जोडीला आठवड्यातून एकदा वीस मिनिटांचा फोन असतो. माझ्या बाबतीत मंत्रचळ हा शब्द अक्षरशः लागू होता. संध्याकाळी जपमाळ हातात घेतली की चाळिसाव्या-पन्नासाव्या मण्याला देवाविषयी एखादा अभद्र विचार मनात येई, जप बाटला असे वाटे आणि मी मेरुमण्यापासून पुन्हा सुरुवात करी. १०८ मण्यांच्या एका माळेला दीड-दोन तास लागत. फ्लुवोक्सामिन या गोळीने मनाची घालमेल कमी झाली होती, पण माळ काही पूर्ण होत नव्हती; तेव्हा माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी ही पुस्तिका सुचवली.

तिच्यातली पद्धत नवी नाही. ज्याची भीती वाटते त्याला सामोरे जायचे आणि मग मन शांत करणारी ती नेहमीची कृती करायची नाही, हे मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी १९६६ मध्येच मांडले होते. उपचारांविषयी सूचना देणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांतही सौम्य त्रास असलेल्या प्रौढांसाठी थेरपिस्टचे जास्तीत जास्त दहा तास, हाताशी स्वयं-मदतीचे साहित्य आणि हवे तर फोनवरून मार्गदर्शन, असा पर्याय दिलेला आहे. या पुस्तिकेची स्वतःची कमाई दुसऱ्या प्रकरणात आहे. सोवळ्याची टिंगल न करता ती एवढेच दाखवते की सोवळ्याला शेवट असतो. आंघोळ झाली, धूतवस्त्र नेसले की माणूस पूजेला बसतो, मंत्रचळात मात्र ‘झाले’ असे म्हणायची वेळच येत नाही. त्याच प्रकरणात २०१९ च्या महापुराचे उदाहरण आहे. घरातले पाणी ओसरल्यावर भिंती ब्लीचिंग पावडरने धुणे ही गरज होती, तीच भिंत पुढच्या उन्हाळ्यात रोज धुणे हा आजार. शाहूपुरीत राहणाऱ्या माझ्यासारख्याला याहून अधिक काही समजावून सांगावे लागले नाही.

तिसऱ्या आठवड्यात शून्य ते शंभर अशी भीतीची शिडी भरायची असते. अभद्र विचार आला तरी पुढचाच मणी ओढणे याला मी सत्तर गुण दिले, आणि तशी ‘बाटलेली’ माळ गोमुखीत ठेवून थेट जेवायला बसणे याला नव्वद. पहिल्या दिवशी बासष्टाव्या मण्याला विचार आला. बोटे आपोआप मागे वळली, ती मी अंगठ्याने दाबून धरली, त्रेसष्टावा मणी ओढला आणि पुढची बारा-पंधरा मिनिटे घामाने सदरा भिजला. माळ संपवून उठलो, तर आई म्हणाली, “असं मन भलतीकडं असताना केल्याला जप देवाला पोचतोय व्हय रे?” या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत नाही. कुटुंबासाठीचे प्रकरण नवरा-बायकोपुरतेच आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना कसे सांगावे यावर एक पानही नसणे ही या शहरासाठी लिहिलेल्या पुस्तिकेतली मोठी उणीव आहे. पत्नीला मात्र त्या प्रकरणाचा चांगला उपयोग झाला. मी “अगं, पाप नाही ना लागणार?” असे विचारले की पूर्वी ती दहा वेळा समजूत घालत असे; आता ती म्हणते, “अहो, हे आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही. चहा टाकू का?” पहिले चार दिवस मला याचा फार राग आला.

म्हणूनच केंद्राच्या फोनबद्दलची तक्रार थोडी सविस्तर लिहितो. चौथ्या आठवड्यात मी हाच प्रश्न फोनवरच्या प्रशिक्षणार्थी समुपदेशकांना विचारला आणि त्या सहज म्हणाल्या, “छे हो, कसलं पाप!” मला इतके बरे वाटले की त्या रात्री ते वाक्य मी मनात शंभरदा तरी घोळवले, आणि दुसऱ्या दिवसापासून ते वाक्य आठवल्याशिवाय मणी पुढे सरकेना. जे पत्नीने करू नये म्हणून पुस्तिका बजावते, तेच केंद्राच्या माणसाने केले. पुढच्या फोनवर ज्येष्ठ समुपदेशकांनी चूक मान्य केली, हे नोंदवले पाहिजे. पण तो आठवडा वाया गेला.

भाषेबाबत सांगायचे तर पहिली पाच प्रकरणे मराठीत विचार करून लिहिलेली वाटतात. सहाव्यापासून मात्र भाषांतराचा वास येतो आणि अचानक गालिचा, दाराची मूठ आणि एकट्या राहणाऱ्या माणसाचे स्वयंपाकघर अशी उदाहरणे सुरू होतात.

मंत्रचळाची तीव्रता मोजणाऱ्या येल-ब्राउन मापनपट्टीवर माझे गुण ४० पैकी २२ वरून १३ वर आले. गोळी चालूच असल्यामुळे यातले श्रेय पुस्तिकेचे किती आणि औषधाचे किती, हे मला वेगळे करता येत नाही. माळ आता पंचवीस मिनिटांत होते, विचार अजूनही येतात. ज्यांचा त्रास तीव्र आहे, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही किंवा ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी पुस्तिकेवर अवलंबून न राहता थेट डॉक्टर गाठावेत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

शुल्क पुस्तिकेसह एकदाच भरायचे असून ते मला वाजवी वाटले. बांधणी मात्र कच्ची आहे. शिडीचे पान तिसऱ्याच आठवड्यात सुटले, ते मी टाचणीने लावून देवघराच्या फळीवर ठेवले आहे.