पाटी आधी की रस्ता?
डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. समतानगर, भीमनगर अशी नावं सुचवली. दलित वस्ती सुधार योजनेचं काम वेगळं: सिमेंटचा रस्ता, नाली, दिवे.

नव्या नावाची पाटी रंगवायला फारसा खर्च नाही, म्हणून तिला हलकं समजू नका. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव १९७८ चा, नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं मराठवाड्याने काय भोगलं, ते इथं कुणाला सांगायला नको. पण समतानगरची पाटी लागली तरी गावातला ऑटोवाला जुनंच नाव घेतो. रस्ता मात्र पहिल्याच पावसात कळतो. लेकरं चिखल न तुडवता शाळेत जातात. (नाली तुंबते, ते सोडा.) खोट एवढीच की हा रस्ता वस्तीच्या तोंडाशीच संपतो. तरी मी आधी रस्ताच मागेन.