टोमॅटोतला निमॅटोड: सॅलिसिलिकच्या भरवशावर राहायचं की जास्मोनिकच्या?

दुपारी माना टाकणारं टोमॅटोचं झाड उपटून मुळं बघा. गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी (निमॅटोड, मुळांत राहणारा सूक्ष्म जंत) आत ठाण मांडून बसलाय आणि कुठलंही संप्रेरक फवारून ते झाड सुधारणार नाही. सॅलिसिलिक आणि जास्मोनिक आम्ल ही झाडाची स्वतःची बचावाची संप्रेरकं. त्यातल्या कुणाच्या भरवशावर राहायचं, ही निवड त्यामुळे लागवडीच्या आधीच करायची आहे.

एमआय-१ जनुक असलेलं प्रतिकारक वाण घेतलं, की तुम्ही मुख्यतः सॅलिसिलिक आम्लाच्या वाटेवर विसंबता. सूत्रकृमीचं पिल्लू मुळाच्या टोकाजवळून आत शिरतं आणि खायला बसतं, तिथल्याच पेशी झाड स्वतःहून मारून टाकतं. पिल्लू उपाशी मरतं. वेगळा फवारणीचा खर्च नाही आणि थंडीच्या हंगामात हे वाण चोख काम करतं. अडचण उन्हाळ्यात येते. मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की ही ढाल ढिली पडते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेवढी माती तापतेच. शिवाय सूत्रकृमीच्या इनकॉग्निटा, जाव्हानिका आणि अरेनेरिया या जातींना हे जनुक अडवतं. पेरूच्या बागांना जेरीस आणणाऱ्या एन्टेरोलोबी या जातीपुढे ते चालत नाही. शेजारी पेरू असेल तर आधी माती आणि मुळं तपासून जात ओळखून घ्या.

जास्मोनिकची वाट झाडाला इजा झाली की जागी होते. भातात मिथाइल जास्मोनेट (जास्मोनिकचंच एक रूप) पानांवर फवारलं तरी मुळांवरच्या गाठी घटल्या, म्हणजे निरोप वरून खाली पोहोचतो. टोमॅटोतही पानांवरच्या फवारणीने मुळांतला शिरकाव कमी झालेला आहे, पण परिणाम फार दिवस टिकत नाही. वारंवार फवारावं तर वाढ खुंटते. म्हणून नेहमीच्या फवारणीत याला जागा देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सॅलिसिलिक आम्लच फवारायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. ही वाट फार चेतवली की जास्मोनिकची बहुधा दबते, आणि फळ पोखरणाऱ्या अळीशी झाड लढतं ते जास्मोनिकच्याच जोरावर.

मला रोपवाटिकेतच ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी देणं जास्त पटतं. टोमॅटोवरच्या प्रयोगात ट्रायकोडर्मा हार्झियानमने मुळांना आधी सॅलिसिलिकच्या वाटेने सज्ज केलं, त्यामुळे शिरकाव घटला. पुढे गाठी धरण्याच्या आणि अंडी घालण्याच्या टप्प्यावर जास्मोनिकची वाट सरसावली. थंडीच्या लागवडीला प्रतिकारक वाण आणि ट्रायकोडर्मा पुरेसे ठरावेत. उन्हाळी लागवडीत मात्र आच्छादन टाकून माती थंड ठेवा, आणि गेल्या पिकाच्या मुळांवर गाठी भरपूर असतील तर त्या रानात टोमॅटो लावूच नका.