अकराव्या आठवड्यात वारेचा अंश की सोळाव्यात गर्भजल?

पोटातल्या बाळाला आनुवंशिक आजार आहे का, हे बघायला यातली कोणती तपासणी करावी? नागपुरात हा प्रश्न बहुधा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारापायी उभा राहतो. नवरा-बायको दोघंही वाहक (स्वतःला आजार नाही, पण त्याचं जनुक अंगात) निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता 25 टक्के.

सीव्हीएसमध्ये (कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग) 11 ते 14 आठवड्यांत वारेचा, म्हणजे प्लॅसेंटाचा, बारीक अंश काढतात. निकाल लवकर हाती येतो, ही मोठीच सोय. पण वार कधी गर्भाशयाच्या मागच्या भिंतीला असते. तिथवर सुई नेणं अवघड. हात सराईत नसला की पुन्हा टोचावं लागतं, आणि धोका तिथेच वाढतो. अम्निओसेंटेसिस, म्हणजे गर्भजलाची तपासणी, 15 आठवड्यांनंतर: सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक बघत 15-20 मिली गर्भजल ओढायचं. तंत्र तुलनेनं सोपं.

अनुभवी हातांत दोन्हींमुळे गर्भपात होण्याचा जादा धोका 0.5 टक्क्यांहून कमीच. त्यामुळे ‘सीव्हीएस घातक’ हे सरसकट बोलणं मला पटत नाही.

धंतोली-रामदासपेठेत दवाखान्यांच्या पाट्या पुष्कळ. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘वर्षाला अशा किती करता?’ (मुलगा की मुलगी, ते मात्र विचारू नका, 1994चा कायदा आहे.) सीव्हीएसचा नेहमीचा सराव असेल तर तीच करावी. उत्तर गुळमुळीत आलं, तर चार-पाच आठवडे थांबून गर्भजल तपासलेलं बरं.