जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवली, नवा घेणं टळलं

बटण दाबून आंघोळ उरकून यावं, तरी पडद्यावर चक्र फिरतंच आहे, अशी गत होती. घरचे म्हणाले, काढ मोडीत. टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची सोय) उघडला तर डिस्क कायम १०० टक्के, प्रोसेसर निवांत. म्हणजे दुखणं हार्ड डिस्कचं. तिच्या जागी साटा जोडणीची एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास वाचते, जुनी तबकडी जेमतेम शंभर. झाकणाचा एक स्क्रू रबरी पायाखाली दडलेला निघाला, जोर लावण्याआधी तिथे बघाच. बिजागरी अजून कुरकुरते, कुरकुरू दे. खरी अडचण वेगळीच: टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्याने विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही आणि विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. मदरबोर्ड गेला असता, तर मात्र या फंदात पडलो नसतो.