तळातून ओतणारी शिशाची भट्टी: दोन हंगामांच्या वापरानंतरचा अनुभव

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात नाताळनंतर चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने बार उडणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा स्वतंत्र शिकार-हंगाम असतो. तो तोंडावर आला असताना माझ्या भट्टीची तोटी पुन्हा गळू लागली, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. ही नऊ किलो शिसे मावणारी विजेची भट्टी असून तिच्या तळाच्या तोटीतून धार थेट साच्यात सोडता येते. तिच्यात शिसे वितळवून मी बंदुकीच्या गोळ्या घरीच ओततो. माझ्या ०.५० इंच नळीच्या ठासणीच्या बंदुकीला ०.४९० इंचाची गोल गोळी लागते. ती सुमारे १७७ ग्रेन, म्हणजे साडेअकरा ग्रॅम भरते, त्यामुळे एका किलो शिशात ऐंशीहून अधिक गोळ्या निघतात. मोडीत मिळणाऱ्या छपराच्या जुन्या शिशाच्या पत्र्यांपासून त्या घरी ओतल्या की तयार गोळ्यांचा खर्च वाचतो, आणि भट्टी घेण्यामागे काटकसर हेच माझे मुख्य कारण होते.

भट्टी तापते लवकर, तापमान बऱ्यापैकी स्थिर राहते, वीजही फार लागत नाही. पण तोटी गळते. झडप पूर्ण मिटलेली असतानाही थेंब पडत राहतात, आणि ते साच्याच्या जोडावर किंवा साच्यावरच्या, जादा शिसे कापणाऱ्या पट्टीवर पडून तेथेच थिजतात. मग साच्याचे दोन भाग घट्ट मिटत नाहीत आणि गोळीला जोडरेषेवर पातळ कंगोरा येतो. अशी गोळी ग्रीज लावलेल्या कापडाच्या चकतीत गुंडाळून गजाने ठासली, तर त्या कंगोऱ्याने कापड फाटते आणि नळीतील आट्यांची (आतल्या वळणदार खाचांची) पकड गोळीला नीट मिळत नाही. त्यामुळे एवढ्याशा थेंबाची किंमत निशाण्यावर मोजावी लागते.

कंपनीला कळवल्यावर थोडी गळती स्वाभाविक आहे, असे उत्तर आले. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर झडपेचा नवा दांडा मिळाला, पण त्याचा पाठवणखर्च माझ्याकडूनच घेतला गेला. हमीच्या मुदतीत असलेल्या वस्तूसाठी हे मला अजिबात पटलेले नाही.

नवा दांडा बसवूनही गळती राहिली, तेव्हा भट्टी पूर्ण रिकामी करून पाहिली. झडप जेथे टेकते त्या बैठकीवर, जुन्या पत्र्यांवरचे डांबर जळून उरलेली राख आणि वाळूचे कण चिकटलेले होते. शिशापेक्षा हलका असलेला कचरा खरे तर वर तरंगायला हवा. पण तो भट्टीच्या भिंतीला आणि दांड्याला चिकटून खाली सरकतो, आणि वर तरंगणारा कचरा, म्हणजे मळी, कितीही काढली तरी तेथे हात पोहोचत नाही. त्यामुळे दोष केवळ घडणीचा आहे, हे मत मला बदलावे लागले. आता मोडीतले शिसे आधी वेगळ्या लोखंडी भांड्यात वितळवतो, थोडे मेण टाकून ढवळतो, मळी काढतो आणि त्या स्वच्छ शिशाच्या ओतलेल्या विटाच भट्टीत घालतो. विटा पूर्ण कोरड्या असल्याची खात्री करावी, कारण ओलाव्याची क्षणात वाफ होऊन वितळलेले शिसे अंगावर उडते. याने गळती बरीच घटली, थांबली मात्र नाही.

शिसे ३२७ अंशांना वितळत असले तरी शुद्ध मऊ शिशाची गोळी सुरकुत्यांविना भरण्यासाठी मला ते चारशे अंशांच्या थोडे वर ठेवावे लागते, आणि इतके तापलेले शिसे बारीक फटीतूनही वाट काढते. चाकाचा तोल साधायला टायरजवळ लावतात त्या वजनांचे शिसे अधिक चांगले भरते. परंतु त्यातील अँटिमनी या मिश्रधातूतील घटकामुळे गोळी कडक होते व ठासायला जड जाते, शिवाय त्या वजनांत जस्ताचीही मिसळ सापडते.

अखेरीस मी पळीने ओतू लागलो. पळीचे तोंड साच्याच्या छिद्राला टेकवून क्षणभर तसेच धरले की थिजताना आकसणाऱ्या शिशाला वरून पुरवठा होत राहतो आणि आत पोकळी राहत नाही. काट्यावर गोळ्यांची वजने आता जवळजवळ सारखी येतात. तोटीने ओतलेल्या गोळ्यांत हलक्या निघालेल्या कितीतरी गोळ्या मला परत वितळवाव्या लागत.

मळी आणि सांडलेले थेंब उघड्या हातांनी गोळा करू नयेत व घरात आणू नयेत. अमेरिकेत २०२१ पासून मुलांच्या रक्तात प्रति डेसिलिटर ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी त्याची दखल घेतली जाते, इतके ते घातक आहे. मी उघड्या शेडमध्येच ओततो, त्या कामाचे कपडे वेगळे ठेवतो आणि स्वतःच्या रक्ताची तपासणी करून घेतो.

ज्यांना केवळ मऊ शिशाच्या गोल गोळ्या हव्या आहेत, त्यांनी तोटीसाठी जादा पैसे देऊ नयेत. तोटी नसलेली साधी भट्टी आणि चांगली पळी घ्यावी. माझ्या भट्टीच्या तोटीखाली मी आता कोरडा लोखंडी डबा कायमचा ठेवला आहे, आणि त्यात साचलेले शिसे पुन्हा वितळवण्याच्या भांड्यात जाते.