अनुदान मंजूर झालंय, फक्त अनामत भरा

वैद्यकीय उपकरणाच्या संशोधनासाठी केंद्र सरकारचं ५० लाखांचं अनुदान मिळवून देतो, असं सांगणाऱ्या एका सल्लागार कंपनीने आम्हाला १ लाख ६६ हजार ३०० रुपयांना टोपी घातली. कंपनीचं नाव इथे देत नाही. तक्रार दाखल आहे, आणि तसंही ते नाव आता बदललेलं आहे. पद्धत मात्र बदललेली नाही, म्हणून तीच सविस्तर लिहिते.

आम्ही म्हणजे मिरजेचे तिघे. मी बायोमेडिकल इंजिनिअर, एक मधुमेहतज्ज्ञ डॉक्टर आणि कुपवाड एमआयडीसीत सीएनसीचं, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांचं, वर्कशॉप चालवणारे अण्णा. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळव्याची संवेदना कमी होत जाते. खडा टोचला तरी कळत नाही, जखम चिघळते, आणि प्रकरण पाय कापण्यापर्यंत जातं. हे वेळीच ओळखायचं साधन म्हणजे नायलॉनचा एक तंतू. तळव्यावर टेकवून दाबायचा, वाकला की १० ग्रॅमचा भार पडला असं धरायचं आणि रुग्णाला विचारायचं, कळलं का? पण वापरून वापरून तो तंतू मऊ पडतो, आणि मऊ पडलाय हे बघून समजत नाही. आमचं यंत्र म्हणजे पाय ठेवायची एक पाटी. ती ठरलेल्या जागी, ठरलेल्या ताकदीचं कंपन देते आणि रुग्ण बटण दाबतो. पहिला नमुना अण्णांच्या वर्कशॉपमध्ये तयार झाला होता. पुढे सुधारलेले नमुने, सुरक्षा चाचण्या आणि रुग्णांवरचा अभ्यास, आणि त्यासाठी लागणारा पैसा आमच्याकडे नव्हता.

पुण्यात एका स्टार्टअप प्रदर्शनात या कंपनीचा स्टॉल होता. तिथल्या माणसाने पहिलाच प्रश्न विचारला, “मॅडम, तुमचा टीआरएल किती? तीन? मग तुम्ही बिगमध्ये बसता.” टीआरएल म्हणजे तंत्रज्ञान किती पिकलंय याची एक ते नऊ अशी मोजणी. हे शब्द बाहेरच्या माणसाला माहीत नसतात, त्यामुळे माणूस जाणकार वाटला. आणि तो जाणकार होताच. बिग, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, ही योजना खरी आहे. जैवतंत्रज्ञान विभागाने २०१२मध्ये स्थापन केलेली बायरॅक ही संस्था ती चालवते. कल्पना प्रत्यक्षात उतरते का हे सिद्ध करायला १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, हेही खरं. त्याने सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ खऱ्या होत्या. असल्या लोकांची पूर्वतयारी आपल्यापेक्षा चांगली असते, हे मान्यच करायला हवं.

पहिला खर्च प्रकल्प अहवालाचा, ३५,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४१,३००. पक्कं बिल मिळालं, जीएसटी क्रमांकासकट. पोर्टलवर अर्ज तेच भरणार आणि लॉगिनही तेच सांभाळणार. “तुम्ही संशोधनावर लक्ष द्या मॅडम, कागदी घोडे आम्ही नाचवतो.” काही आठवड्यांनी जाडजूड अहवाल आला. स्पायरल बाइंडिंग, वर प्लास्टिकचं कव्हर. देशातल्या मधुमेहावर पानंच्या पानं, आमच्या पाटीवर जेमतेम तीन. पाटीचा फोटो दोनदा, त्यात एकदा उलटा. आणि मधल्या एका पानावर, खर्चाच्या तक्त्याच्या वर, ‘रक्तशर्करा तपासणी पट्टी उत्पादन प्रकल्प’ असा मथळा. विचारलं तर म्हणाले, फॉरमॅट कॉमन असतो, वरचे साहेब पहिली दोनच पानं बघतात.

प्रत्यक्षात बिगच्या अर्जाला असला गठ्ठा लागतच नाही. ऑनलाइन फॉर्म असतो. अडचण काय, तुमचा उपाय काय, आधीच्या उपायांपेक्षा वेगळा कसा, कोणत्या महिन्यात काय करणार, कशावर किती खर्च करणार, हे मोजक्या शब्दांत विचारतात. अर्ज साधारण जानेवारीत आणि जुलैत, असे वर्षातून दोनदा मागवले जातात. छाननी होते, तज्ज्ञांपुढे सादरीकरण होतं, आणि तिथे तुम्हालाच उभं राहावं लागतं. तुमच्या यंत्राबद्दल तज्ज्ञ तुम्हाला सोलून काढतात. सल्लागार तिथे तुमच्या वतीने बोलू शकत नाही. या सगळ्याला महिने जातात. आम्हाला मात्र कुणी एक प्रश्नही न विचारता मंजुरी मिळाली.

मंजुरीपत्र मार्चच्या सुरुवातीला आलं. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, हिरव्या शाईतली सही, जावक क्रमांक आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. तो स्कॅन केला की त्याच पत्राचं चित्र उघडायचं, म्हणजे पत्राला पत्राचीच साक्ष. मथळ्यात ‘आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालय, जैवतंत्रज्ञान विभाग’. मंत्रालयाचं नाव भारदस्त, विभागाचं नाव खरं, पण जोडी चुकीची. जैवतंत्रज्ञान विभाग विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाखाली आहे, १९८६मध्ये स्थापन झाला तेव्हापासून. आरोग्य मंत्रालयाखाली येतो तो आरोग्य संशोधन विभाग, आणि आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, त्याच्या अखत्यारीत. ईमेलच्या पत्त्यातही ‘जीओव्ही’ होतं, पण मधे कुठेतरी. शेवट मात्र ‘डॉट ऑर्ग’.

पत्रातली पाचवी अट अशी: मंजूर रकमेच्या २.५ टक्के, म्हणजे १,२५,००० रुपये, परतावायोग्य अनामत म्हणून भरावेत. ३१ मार्चपूर्वी न भरल्यास निधी व्यपगत होईल. मार्चअखेर या शब्दाला आपल्याकडे केवढं वजन आहे! बजेट लॅप्स होतं, बिलं अडकतात, हे सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. त्यातून अण्णांनी आयुष्यभर टेंडरं भरलेली. टेंडर म्हटलं की अनामत रक्कम आलीच, काम संपलं की ती परत मिळते. त्यांना अट अगदी रीतसर वाटली. फरक आहे तो इथे. टेंडरमध्ये काम अर्धवट टाकून ठेकेदार पळू नये म्हणून सरकार त्याच्याकडून अनामत घेतं. अनुदानात तीच खबरदारी वेगळ्या तऱ्हेने घेतात. पैसा एकदम देतच नाहीत. ठरलेला टप्पा गाठलात, खर्चाचा हिशेब आणि उपयोगिता प्रमाणपत्र दिलंत की पुढचा हप्ता. ज्याच्या हातात पुढचा हप्ता आहे त्याला तुमच्या अनामतीची गरज काय?

१,२५,००० भरले. खातं सल्लागार कंपनीच्याही नावाचं नव्हतं, कुठल्याशा ‘एंटरप्रायझेस’चं चालू खातं होतं. “सरकारकडे आम्ही एकत्र चलन भरतो,” हा खुलासा. एप्रिल उजाडला आणि नवी मागणी आली. पहिला हप्ता निघायला बँक गॅरंटी लागते, तिचं कमिशन दोन लाख. इथे डॉक्टर अडून बसले. बिगचे अर्ज हाताळणाऱ्या एका इन्क्युबेटरला, म्हणजे नव्या उद्योगांना उभं राहायला मदत करणाऱ्या संस्थेला, त्यांनी सरळ फोन लावला. तिथल्या बाईंनी आमचं नाव आणि अर्जाचा क्रमांक विचारून घेतला. तपासून सांगितलं, “या नावाचा अर्जच नाही सर. आणि आमचे क्रमांक असे नसतात.” म्हणजे पत्र खोटं, हे तर झालंच, मुळात आमचा अर्ज कुणी भरलाच नव्हता. लॉगिन ते का सांभाळत होते, हे तेव्हा उलगडलं.

मग बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी रद्द, व्यवसाय तयार कपड्यांचा. हे तपासायला लॉगिन लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

तक्रारीचंही सांगते, कारण तिथेही डाव ठरलेला असतो. जवळच्या पोलीस ठाण्यात आधी ऐकायला मिळालं की हा दिवाणी वाद आहे, तुमचा करार आहे, सेवा आवडली नाही तर ग्राहक मंचात जा. करारात ‘सल्ला शुल्क कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं कलम त्यासाठीच घातलेलं असतं. आमच्या वकिलांनी अहवालाचे ४१,३०० बाजूला ठेवले आणि तक्रार बनावट मंजुरीपत्राभोवती उभी केली. सरकारी शिक्क्याचं खोटं पत्र दाखवून पैसे उकळणं हा कराराचा वाद होऊ शकत नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे, जुन्या ४२०च्या जागी आलेलं. शिवाय बनावट दस्तऐवजाची कलमं वेगळी. १९३० या सायबर हेल्पलाइनवरही नोंद केली. पैसे गेल्याबरोबर तिथे फोन केला तर खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्या बाबतीत आठवडे उलटून गेले होते, आणि सापडलं तेव्हा त्या खात्यात किरकोळ शिल्लक होती.

एक गोष्ट वाचली ती डॉक्टरांच्या हट्टामुळे. प्रदर्शनाला जायच्या आधीच त्यांनी पेटंटचा तात्पुरता अर्ज दाखल करायला लावला होता. व्यक्तीला किंवा मान्यताप्राप्त स्टार्टअपला ऑनलाइन अर्जाचं मूळ शुल्क १,६०० रुपये, आणि पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. अहवालासाठी आम्ही पाटीची सगळी रेखाचित्रं, सर्किटसकट, या लोकांच्या हवाली केली होती. तो अर्ज नसता तर पैशांपेक्षा मोठं नुकसान त्यात झालं असतं, असं मला वाटतं. कुठल्याही सल्लागाराला, अगदी चांगल्यालाही, काही दाखवायच्या आधी हे उरकून घ्या.

चांगले सल्लागार असतात, हेही लिहायला हवं. अर्जाची भाषा सुधारून द्यायचे ठरावीक पैसे घेणं यात गैर काही नाही. आणि या क्षेत्रात कुणालाच काही भरावं लागत नाही असंही नाही. पेटंटचं शुल्क आहे, प्रयोगशाळेतल्या चाचण्यांचे पैसे आहेत, नैतिकता समितीचं शुल्क असतं. २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवान्यांचं शुल्क आहे, आणि केंद्राकडचं शुल्क भारतकोशावर, म्हणजे केंद्र सरकारच्या पैसे भरायच्या पोर्टलवर, भरलं की सरकारी पावती मिळते. हे सगळे पैसे कशाच्या तरी बदल्यात जातात. अनुदान ‘सुटावं’ म्हणून जे मागतात ते वेगळे. लघुउद्योगांची उद्यम नोंदणी आणि डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता या दोन्ही फुकट आहेत, तरी त्यांचे हजारो रुपये घेणारे कमी नाहीत.

रुग्णालयं आणि ट्रस्ट चालवणाऱ्यांसाठी या मंडळींकडे वेगळा गळ असतो, सीएसआरचा. मोठ्या कंपन्यांना कंपनी कायद्याच्या कलम १३५नुसार नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यातून तुमच्या डायलिसिस सेंटरला कोटभर मिळवून देतो, आधी ५ टक्के द्या, असं सांगतात. ज्या कंपनीचं नाव घेतात तिच्या सीएसआर विभागाशी तुम्ही स्वतः बोलायचा आग्रह धरा, म्हणजे भेट लगेच पुढे ढकलली जाते.

आमचं गाडं आता साध्या रस्त्याने चाललंय. नमुना बनवण्यासाठी १० लाखांपर्यंत मदत देणाऱ्या निधी-प्रयास योजनेत इन्क्युबेटरमार्फत अर्ज केलाय. स्टार्टअप इंडियाच्या २०२१च्या बीज निधी योजनेतून २० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं, तीही बघतोय. बिगचा फॉर्म मी स्वतः भरतेय. डॉक्टर त्यातली माझी विशेषणं खोडतात.

मध्यंतरी लातूरच्या एका फिजिओथेरपिस्टने डॉक्टरांना एक मंजुरीपत्र पाठवून विचारलं, हे खरं वाटतं का? लकवा झालेल्या हाताच्या व्यायामासाठी त्यांनी एक हातमोजा बनवलाय. पत्रातली रक्कम वेगळी, प्रकल्पाचं नाव वेगळं, सल्लागार कंपनीचंही नाव नवं. जावक क्रमांक मात्र आमच्या पत्रावरचाच होता. त्यांनी अनामत भरलेली नव्हती. दोन्ही पत्रं आता आमच्या तक्रारीला जोडली आहेत.